टेन्शनची फोड: वही, झोप, आजार आणि घरातली फवारणीची बाटली

कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात टेन्शनला तारखा असतात. मे अखेर बी-खताचा पैसा उभा करायचा, ती पहिली. पेरून झालं आणि पावसानं दडी मारली, दुबार पेरणी समोर दिसायला लागली, ती दुसरी. मग ऑगस्टमधला खंड, ऐन फुलोऱ्यात. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापून पडलं की नेमका पाऊस, आणि पाऊस उघडला की नेमका भाव पडलेला. मार्चमध्ये बँकेचा तगादा. अमरावती-यवतमाळपासून बीड-हिंगोलीपर्यंत कुणालाही विचारा, याच तारखा सांगेल.

तारखा ठाऊक आहेत म्हणजे तयारीही आधी करता येते. पण होतं काय, की माणूस 'लई टेन्शन आहे' एवढंच म्हणतो आणि समोरचा त्याला प्राणायाम सांगतो. प्राणायामाशी माझं भांडण नाही. पण महिन्याला शेकडा ३ नं घेतलेल्या पैशाला अनुलोम-विलोम लागू पडत नाही, आणि खऱ्या नैराश्याला नुसता हिशेब लागू पडत नाही. शेतकऱ्याच्या टेन्शनमध्ये हिशेबाचा भाग असतो, मोडलेल्या झोपेचा असतो, आणि कधी कधी आजाराचा असतो. तिन्हींची औषधं वेगळी. गल्लत झाली की माणूस सलाईन लावून घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच.

सुरुवात वहीपासून करा, कारण ती आजच्या आज होते. शाळेची २०० पानी वही चालेल. देणं कुणाचं, मुद्दल किती, व्याज कसं, कधी द्यायचं आणि तारण काय, असे पाच रकाने. सोसायटी, बँक, कृषी केंद्राची उधारी, सोनं गहाण असेल ते, पाहुण्याकडून हातउसने, बायकोच्या गटाचा आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता, ट्रॅक्टरवाल्याचं राहिलेलं, सगळं. दोघांनी मिळून बसायचं. नवऱ्याला बायकोच्या हप्त्याचा आकडा माहीत नसतो आणि बायकोला सावकाराचा माहीत नसतो, हे घरोघरी आहे. पहिल्यांदा बेरीज पाहून छातीत धस्स होतं. तरी रात्री पडल्यापडल्या मनात फिरणारा आकडा बहुतेक वेळा कागदावरच्यापेक्षा मोठा असतो, किंवा त्याला आकारच नसतो.

व्याजाच्या रकान्यात गावची भाषा वर्षाच्या टक्क्यात फिरवून लिहा. शेकडा ३ म्हणजे महिन्याला शंभरी ३ रुपये, वर्षाला ३६ टक्के. ४०,००० घेतले असतील तर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४००, मुद्दल जागच्या जागी. दीडीनं २०,००० जूनमध्ये घेतले आणि डिसेंबरात ३०,००० दिले तर सहा महिन्यांत ५० टक्के, म्हणजे वर्षाच्या हिशेबानं १००. याउलट ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शून्य टक्क्यावर येतं. हे दोन आकडे एका पानावर आले की आधी कुणाचं फेडायचं याचं उत्तर बरंचसं तिथंच मिळतं.

इथं एक चूक फार होते. जो दारात येऊन ओरडतो त्याला आधी दिलं जातं आणि बँक, ती ओरडत नाही म्हणून, मागं राहते. समजा पीककर्ज १,२०,००० आहे आणि ते थकलं. शून्य टक्के गेलेच, शिवाय पुढच्या खरिपाला नवं कर्ज बंद. मग तेवढाच पैसा बाहेरून शेकडा ३ नं उचलला तर जून ते जानेवारी आठ महिन्यांचं व्याज २८,८००. एका मुदतीच्या चुकीची ही किंमत. म्हणून पीककर्जाची शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवी.

नवं-जुनं करतानाही सांभाळून. आठ-दहा दिवसांसाठी खाजगी पैसा घेऊन खातं भरायचं आणि नवं कर्ज उचलून तो परत करायचा, अशी रीत आहे. बिघडतं ते मधल्या दिवसांत. सातबाऱ्यावर बोजा चढवायचा राहिला, नवा आठ-अचा उतारा लागला, साहेब रजेवर गेले, आणि दहा दिवसांचे दोन महिने झाले. भरण्याआधीच सोसायटीच्या गटसचिवाला किंवा बँकेत तीन गोष्टी विचारा: नवी मर्यादा किती, कागद कोणते, पैसा खात्यात कोणत्या तारखेला. तिन्हींची उत्तरं नीट मिळत नसतील तर खाजगी पैसा उचलू नका.

पीकच गेलं असेल तर कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडायची मुदत वाढवून, मागता येतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर २ वर्षांपर्यंत आणि ५० टक्के किंवा जास्त असेल तर ५ वर्षांपर्यंत मुदत वाढवण्याची तरतूद केली होती, दोन्हींत एक वर्षाची सवड धरून. सरकारनं आपत्ती जाहीर करावी लागते, सध्याचा नियम शाखेत विचारावा, आणि अर्ज लेखी द्यावा. तोंडी मागितलेलं पुनर्गठन कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि ही माफी नव्हे. व्याज चालू राहतं.

सावकाराबाबत लोक कायद्याचं नाव काढायला कचरतात, ते समजण्यासारखं आहे; त्याच गावात राहायचं असतं. तरी एवढं माहीत असू द्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारणी कर्जावर १२ टक्क्यांच्या वर व्याज लावायचं नाही. परवाना नसलेल्याची तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून दिलं असेल आणि तो व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल, तर चौकशीनंतर जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला आहे. चिठ्ठी, फोनवरचे मेसेज, पैसे खात्यात आल्याची नोंद, साक्षीदार, जे असेल ते आधी गोळा करा आणि मग तक्रार करा.

घरातल्या बाईचं टेन्शन वेगळ्या घड्याळावर चालतं. शेतीचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, तिचा हप्ता आठवड्याला नाहीतर महिन्याला. या दोन चाकांचा मेळ कधीच बसत नाही, म्हणून एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज निघतं. २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन किंवा फेरी करायची नाही, शिवीगाळ तर मुळीच नाही. रात्री आठला दारात बसणाऱ्याला हे सांगता येतं, आणि बाईच्या शेजारी उभं राहून घरच्यांनी सांगावं.

वहीचं आणखी एक काम आहे: घाईत घ्यायचे निर्णय आधीच लिहून ठेवायचे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, हे कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात. पहिल्या सरीला शेजाऱ्याची तिफण चालू झाली की मन राहत नाही, आणि दुबार पेरणीच्या टेन्शनचा मोठा भाग त्या एका दिवसात पेरला जातो. मे महिन्यात शांत डोक्यानं '७५ च्या आत पेरणी नाही' असं लिहून सही केली असेल तर त्या दिवशी वाद घालायला कागद तरी असतो. विक्रीचंही तसंच. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीत तारण ठेवता येतो. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं ६ महिन्यांसाठी मिळते. तुमची समिती ही योजना राबवते का, हे सप्टेंबरमध्येच विचारून या. माल काढल्यावर विचारलं तर तोवर अडत्याकडं गाडी गेलेली असते.

आता झोप. हिला कुणी हिशेबात धरत नाही.

रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी द्यायचं आणि थ्री-फेज लाइन पाळीनं. ज्या आठवड्यात रात्रीची, त्या आठवड्यात माणूस रात्री दहाला शेतात आणि सकाळी सहाला गोठ्यात. चार दिवसांत चिडचिड, आठ दिवसांत विसरभोळेपणा, आणि बायको-पोरांना वाटतं हा बदलला. नैराश्य असेल तर ते याच आठवड्यांत जास्त बोचतं. रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळचं जेवण लवकर उरकून लाइन येण्याआधी दोन-तीन तास झोपून घ्या. मध्यरात्रीनंतर चहा नको. परत आल्यावर अंधाऱ्या खोलीत दुसरा तुकडा, तीन-चार तासांचा, आणि तेवढा वेळ फोन घरच्यांकडं. दोन तुकडे मिळून सहा तास भरले पाहिजेत. त्या आठवड्यात जमिनीचा सौदा, मुलीचं लग्न, नवी उचल, असलं काही ठरवू नका. शेतात पडायचंच झालं तर खाटेवर, मच्छरदाणी खोचून. मण्यार साप बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्याला चावतो.

झोप वाचावी म्हणून लोक ऑटो स्विच बसवतात. लाइन आली की पंप आपोआप चालू, सोय खरी. पण एका डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की भार एकदम चढतो, फ्यूज उडतात, कधी डीपीच जळतो, आणि मग आठ दिवस सगळ्यांचंच पाणी बंद. त्यापेक्षा मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर बरा, आणि पंपाला कपॅसिटर असावाच. पाच-सहा जणांनी आळीपाळीनं चालू करायचं ठरवलं तर फार चांगलं, पण हे भावकीत ठरवणं किती अवघड ते सांगायला नको.

वही झाली, झोप जमली, तरी माणूस सुधरत नाही, मग तिसऱ्या भागाकडं बघायचं. आपल्याकडं नैराश्य 'उदास वाटतं' म्हणून दवाखान्यात येत नाही. ते 'डोकं जड झालं', 'हातपाय गळाले', 'छातीत धडधडतं', 'भूक मेली', 'घोर लागलाय' म्हणून येतं आणि दुखण्याची गोळी घेऊन परत जातं. घरच्या घरी दोन प्रश्न विचारून अंदाज घेता येतो. गेल्या दोन आठवड्यांत कामात, गप्पांत, कशातच मन लागत नाही असं किती दिवस झालं? आणि मन खचलंय, काही चांगलं होणार नाही असं किती दिवस वाटलं? कधीच नाही याला ०, काही दिवस याला १, निम्म्याहून जास्त दिवस याला २, जवळपास रोज याला ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा वर गेली तर डॉक्टरला दाखवायचं. ते आणखी सात प्रश्न विचारतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. रक्त कमी असलेली बाई नुसती 'टेन्शनवाली' ठरते.

औषध सुरू झालं की फसगत कुठं होते ते आधीच कळलेलं बरं. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात येतो. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर, आणि लोक नेमकी मधेच गोळी सोडतात. दुसरी गळती तिसऱ्या महिन्यात: बरं वाटतंय, मग कशाला? बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने किंवा डॉक्टर सांगतील तेवढे गोळी चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची तर त्यांच्या सांगण्यानं, हळूहळू. ही गोळी आणि झोपेची गोळी एक नव्हे. झोपेची गोळी मेडिकलवरून आपल्या मनानं आणून घेत राहिलं तर सवय लागते. दारूचं वेगळं सांगत नाही, एवढंच की झोपेसाठी घेतलेली क्वार्टर पहाटे तीनला जागं करते. आणि जो रोज पितो त्यानं एका दिवसात एकट्यानं सोडू नये. हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडावी.

जायचं कुठं? विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच काढलेला आहे, आशाताईंना विचारा. १०४ वर आरोग्य सल्ला मिळतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 'वेड्यांचा डॉक्टर' हा शिक्का अजून आहे, म्हणून पहिल्या खेपेला कुणी तरी बरोबर जावं. गावातच सोय झाली तर लोक येतात, याचा पुरावा अमरावती जिल्ह्यात आहे. तिथं ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला. गावातले आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले, प्रशिक्षित समुपदेशक बसले आणि गरज असेल त्यालाच मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी आधी शंभरातले चार-साडेचार जण मदत घेत होते, दीड वर्षात ते २७ वर गेले. भाव तेच होते, पाऊसही कुणी बदलला नव्हता.

आता नाजूक भाग. कुणी वागण्यात अचानक बदलला, बैलजोडी मातीमोल विकायला काढली, लोकांना टाळायला लागला, 'माझ्या माघारी' अशी भाषा आली, किंवा महिनोन् महिने तळमळणारा माणूस एकाएकी शांत होऊन सगळ्यांचे हिशेब मिटवायला लागला, तर थेट विचारा. 'दादा, जीव नकोसा झालाय का? मरणाचे विचार येतात का?' विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. 'हो' म्हणाला तर 'पोरांकडं बघ', 'एवढा गडी असून रडतोस' हे नको. त्याच्या मनात पोरांवर आपण ओझं झालो हेच चाललेलं असतं. ऐकून घ्या, एकटं सोडू नका, शेजारी बसूनच १४४१६ लावा आणि पहिलं बोलणं तुम्ही करा. शपथ घालून 'कुणाला सांगू नको' म्हटलं तरी घरातल्या एका जाणत्याला सांगायचंच. रात्र त्याच्यासोबत काढा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, म्हणून पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका.

आणि घरातली फवारणीची औषधं. असा विचार लाटेसारखा येतो, कित्येकदा थोड्या वेळात ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरतं. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. त्याच देशात घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटूनही पाहिल्या, १८० गावांत. त्यानं फरक पडला नाही, असा निष्कर्ष २०१७ मध्ये निघाला. मला त्यात नवल वाटत नाही. पेटी घरात, किल्ली खुंटीवर. म्हणून कुलपापेक्षा औषध घरात नसणंच महत्त्वाचं.

ते जमवायचं तर खरेदीपासून. १० लिटर पाण्याला १० मिली मात्रा आणि एकरी २०० लिटर पाणी धरलं तर एकराला २०० मिली, ३ एकरांना ६००. कृषी केंद्रवाला स्वस्त पडतं म्हणून लिटरची बाटली देतो आणि ४०० मिली घरी उरतं, पुढच्या वर्षापर्यंत. २५०-२५० च्या तीन घ्या, चार पैसे जास्त जाऊ द्या. उरलंच तर शेजारच्याच्या फवारणीला त्याच दिवशी देऊन टाका, पण मूळ बाटलीतच. दारूच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही नाही. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि बाटलीला भोकं पाडा. घरात कुणाचं मन ठीक नसेल तर त्या हंगामापुरती औषधं नातेवाइकाच्या किंवा फवारणीवाल्याच्या ताब्यात ठेवा, आणि कृषी केंद्रवाल्याला कानात सांगून ठेवा की यांच्या नावावर उधारीत औषध देऊ नको.

कुणाच्या पोटात गेलं असेल, किंवा फवारताना अंगावर येऊन घाम, लाळ, उलटी, धूसर दिसणं सुरू झालं असेल, तर १०८ लावा. कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, तुम्ही स्वतः हातमोजे किंवा पिशवी हाताला बांधून. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. मिठाचं पाणी, दूध, ताक, तूप काही पाजू नका, घशात बोटं घालून ओकायला लावू नका. ते फुप्फुसात जातं आणि दवाखान्यात पोचण्याआधीच श्वास अडतो. बाटली, निदान तिचं लेबल, बरोबर घ्या. कोणतं औषध आहे हे कळलं की डॉक्टरला उतारा ठरवायला वेळ लागत नाही. पावती नंतर शोधता येईल.